अकरा मीटर आणि पाचवी चढाई

यंदाच्या स्पोर्ट्स वीकमधली फुटबॉलची फायनल ज्यांनी पाहिली त्यांना हा प्रसंग आठवत असेल. मेकॅनिकल विरुद्ध कॉम्प्युटर. पूर्ण वेळेत १-१, मग पेनल्टी शूटआउट. कॉम्प्युटरच्या पाच किक मारून झाल्या होत्या, त्यात चार गोल. आमच्या चार किकमध्ये तीन. आता आमची पाचवी किक. गोल झाला तर सामना पुढे चालू, हुकला तर खेळ खलास.

किक मारायला गेला तो आमच्यातला सगळ्यात भरवशाचा गडी. (नाव लिहीत नाही, त्याने तशी अट घातली आहे.) ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत दोन चपला ठेवून आम्ही गोलपोस्ट करतो. तिथे या पठ्ठ्याचा नेम चुकलेला मी तीन वर्षांत क्वचितच पाहिलाय. त्या दिवशी मात्र शिट्टी वाजल्या वाजल्या तो धावला आणि बॉल बारवरून, कंपाउंडवरून थेट पलीकडच्या खाजणात. अर्धं ग्राउंड हसलं, अर्धं नाचलं. आम्ही दहा जण मध्यरेषेवर खांद्यावर हात टाकून उभे होतो ते तसेच उभे राहिलो.

पुढचे तीन आठवडे तो ग्राउंडवर फिरकला नाही. मेसमध्येसुद्धा आमचं टेबल सोडून दुसरीकडे बसायला लागला. होस्टेलवर चर्चा एकच. कोणी म्हणे "नशीब," कोणी म्हणे "टरकला." मला दोन्ही उत्तरं पटेनात. नशीब म्हणावं तर किनाऱ्यावर ते रोज कसं काय साथ देतं? आणि टरकणं म्हणजे नेमकं होतं तरी काय? म्हणून थोडं वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतोय. फुटबॉल न खेळणाऱ्यांनी पान उलटू नये. तुमचा व्हायवाही यात आहे!

हिशेब तर सोपा आहे

आधी आपल्या सवयीप्रमाणे आकडेमोड करू. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर, म्हणजे जवळजवळ १८ चौरस मीटरची मोकळी जागा. बॉलचा वेग ताशी ९० किलोमीटर धरला तर सेकंदाला २५ मीटर. म्हणजे बॉल ०.४४ सेकंदात गोलरेषेवर. बॉल कुठे चाललाय हे कळून शरीर हलायलाच गोलीला साधारण ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या पाव सेकंदात साडेतीन मीटरवरचा कोपरा गाठायचा. कोपऱ्यात नीट मारलेला बॉल अडवणं जवळजवळ अशक्य! म्हणूनच गोली बहुतेक वेळा आधीच अंदाज बांधून झेप घेतो.

हिशेब असा पूर्णपणे मारणाऱ्याच्या बाजूने आहे. तरी मोठ्या स्पर्धांमध्येसुद्धा ढोबळमानाने चारातली एक पेनल्टी वाया जाते. १९९४ च्या वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये इटलीच्या रॉबेर्तो बाज्जोने बॉल बारवरून मारला आणि कप ब्राझीलला गेला. आपल्या संघाला फायनलपर्यंत ओढून आणणारा खेळाडू तोच होता! म्हणजे हा मामला पायाच्या ताकदीचा नाही, कौशल्याचाही नाही. मग कशाचा?

गंमत अशी की हिशेब सोपा असणं हीच मारणाऱ्याची अडचण आहे. गोल झाला तर "त्यात काय, व्हायलाच हवा होता." हुकला तर जन्मभराचं नाव. गोलीचं बरोबर उलटं. गोल खाल्ला तर त्याला कोणी बोलत नाही, अडवला तर हिरो. दोघांमध्ये अंतर तेच ११ मीटर, पण गमावण्यासारखं जे आहे ते एकाच बाजूला.

आपली पाचवी चढाई

आपण रायगडच्या किनारपट्टीवरचे लोक. आपल्याला फुटबॉलपेक्षा कबड्डी जवळची. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, कुठेही जा, गावागावांत संघ, ग्रामदेवतेच्या नावाची मंडळं आणि रात्री हॅलोजनच्या उजेडात रंगणारे सामने. तिथे हेच पेनल्टीचं नाटक आपण लहानपणापासून पाहत आलोय.

सामना बरोबरीत सुटला आणि निकाल लावायचाच असेल तर पाच-पाच चढायांचा डाव देतात. पाच वेगवेगळे चढाईपटू, आणि त्यांचा क्रम आधीच पंचांकडे लिहून द्यायचा. दोन्हीकडे सातही गडी मैदानात, कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, नुसते गुण मोजायचे. तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. फुटबॉलच्या शूटआउटचं हे सख्खं भावंडच म्हणा ना! सगळा वेळ संघ म्हणून खेळलेला माणूस शेवटी एकटा पुढे जातो आणि सगळं गाव बघत असतं.

तिसऱ्या चढाईचा नियमही तसाच. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर गडी बाद. २०२३ साली हांगझोऊच्या एशियन गेम्सच्या फायनलमध्ये भारत आणि इराण २८-२८ वर होते. शेवटच्या दोनेक मिनिटांत पवन सेहरावतच्या अशाच 'करा किंवा मरा' चढाईवरून नियमाचा वाद पेटला. खेळ तासभर थांबला. खेळाडू नुसते बसून. मग परत मैदानात उतरून भारताने ३३-२९ असं गोल्ड मेडल जिंकलं. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते. तो तासभराचा खोळंबा कसा काढला असेल, विचार करा. खेळताना माणसाला विचार करायला वेळ नसतो. खरा त्रास थांबल्यावर सुरू होतो.

डोकं मध्ये तडमडतं

आता मुख्य मुद्दा. दडपणाखाली खेळ का बिघडतो, याची मानसशास्त्रात दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत.

पहिलं उत्तर असं, की जे काम शरीराला पाठ झालंय त्यात डोकं नाक खुपसतं. अमेरिकेत सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली फुटबॉलवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळाडूंना शंकूंमधून बॉल ड्रिबल करत न्यायला सांगितलं आणि त्याच वेळी पायाची कुठली बाजू बॉलला लागते आहे तिकडे लक्ष ठेवायला लावलं. नवशिक्यांना या लक्ष देण्याने फायदा झाला. पण मुरलेले खेळाडू उजव्या पायाने, म्हणजे सवयीच्या पायाने खेळताना उलट मंदावले! जिना उतरताना "आता कुठला पाय?" असा विचार करून बघा, अडखळायला होतं की नाही? तसंच हे. आमचा मित्र वाळूत खेळताना पायाकडे बघतच नव्हता. फायनलला त्याने बॉल तीनदा उचलून ठेवला, बुटाची लेस पाहिली, पावलं मोजली. एरवी तो यातलं काहीही करत नाही.

दुसरं उत्तर असं, की डोक्यातली जागा काळजीने अडते. आपल्या मेंदूत तात्पुरतं काम करायला एक छोटीशी जागा असते, कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत रॅम म्हणा. "हुकलं तर काय" हा प्रोग्राम मागे चालू झाला की तो ती जागा खातो. व्हायवात हेच होतं. ऑटो सायकलची आकृती तुम्ही होस्टेलच्या भिंतीवर डोळे मिटून काढाल. पण समोर एक्स्टर्नल बसले, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "हं, सांगा," म्हणाले की मेमरी फुल्ल! घोकलेलं कुठे जात नाही, फक्त ते काढायला जागा उरत नाही.

नजरेचंही असंच आहे. इंग्लंडमध्ये एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी पेनल्टी मारणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. दडपण वाढवलं तशी मारणाऱ्यांची नजर गोलीवर लवकर जायला आणि जास्त वेळ खिळायला लागली. बॉलही मग गोलीच्या जवळपास जायला लागला. गाडी शिकताना खड्डा टाळायचा म्हणून खड्ड्याकडेच बघत राहिलं तर चाक कुठे जातं ते सगळ्यांना माहीत आहे.

घाई

आमच्या मित्राची सगळ्यात मोठी चूक मला नंतर कळली. शिट्टी वाजल्याबरोबर तो सुटला होता.

गैर यॉर्डेट नावाचे नॉर्वेचे संशोधक आहेत. त्यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटच्या चित्रफिती वर्षानुवर्षं तपासल्या. त्यांना दिसलं की शिट्टीनंतर लगेच धावणारे जास्त हुकतात आणि जरा थांबून मारणारे जास्त गोल करतात. कारण समजण्यासारखं आहे. तिथे उभं राहणं असह्य होतं, म्हणून माणूस "एकदाचं संपव" या भावनेने मारतो. पेपर अवघड गेला की अर्धा तास आधीच देऊन बाहेर पडणारे आपले मित्र आठवा!

त्यांच्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट वाचून मी चपापलो. ज्या किकवर गोल झाला की सामना जिंकणार, अशा किकमध्ये सुमारे ९२ टक्के गोल झाले होते. आणि ज्या किकवर हुकलं की सामना हरणार, अशा किकमध्ये फक्त सुमारे ६२ टक्के. ठिपका तोच, बॉल तोच, ११ मीटर तेच. फरक कशाचा, तर मारणारा जिंकायला गेलाय की हरणं टाळायला गेलाय, याचा. आमच्या मित्राची किक दुसऱ्या प्रकारची होती. म्हणजे मोठमोठ्या स्पर्धांमधले कसलेले खेळाडूही जिथे दहातून जवळजवळ चार वेळा चुकतात, तिथे आम्ही त्याला "टरकला" म्हणून मोकळे झालो.

घाई गोलीलाही असते बरं का. इस्रायलच्या संशोधकांनी २००७ साली २८६ पेनल्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातल्या जवळजवळ २९ किक मधोमध आल्या होत्या, पण गोली मध्ये उभे राहिले फक्त सहा वेळा. बाकी सगळे कुठल्या तरी बाजूला झेपावले. वास्तविक मध्ये थांबलेल्या गोलींनीच जास्त प्रमाणात बॉल अडवले होते. मग ते झेप का घेतात? नुसतं उभं राहून गोल खाल्ला तर "काहीच केलं नाही" असं लोक म्हणतात, झेप घेऊन खाल्ला तर निदान प्रयत्न तरी दिसतो. परीक्षेत प्रश्न न वाचता लिहायला सुरुवात करणारे आपण यातलेच.

फातोर्डा, दोन वेळा

आता आपल्या शेजारच्या गोव्यात घडलेली खरी गोष्ट.

२० डिसेंबर २०१५. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. ८७ व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. कप जवळजवळ हातात. गोव्याच्या गोलमध्ये होता गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमनी, डेम्पो क्लबकडून खेळून पुढे आलेला. ९० व्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत बॉल त्याच्याच अंगाला लागून आत गेला. नोंद झाली 'स्वयंगोल, कट्टीमनी'. त्यानंतर भरपाई वेळेत मेंडोझाने गोल केला आणि चेन्नईयिनने ३-२ अशी फायनल जिंकली. आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर, आपल्याच नावावर असा गोल! आमच्या मित्राचा बॉल खाजणात गेला तर त्याला तीन आठवडे मेसचं टेबल बदलावंसं वाटलं. इथे तर सगळा देश टीव्हीवर बघत होता.

२० मार्च २०२२. तेच फातोर्डा, त्याच लीगची फायनल. कट्टीमनी आता हैदराबादकडून खेळतोय, समोर केरळ ब्लास्टर्स. ६८ व्या मिनिटाला केरळने गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल तवोरा या गोव्याच्याच खेळाडूने बरोबरी साधली. एक्स्ट्रा टाइममध्ये काही झालं नाही. शूटआउट.

कट्टीमनीने तीन किक अडवल्या. त्यातली एक तर पंचांनी परत मारायला लावली, कारण अडवताना तो रेषेवरून आधी सुटला होता. म्हणजे अडवलेला बॉल वाया गेला, आता परत उभं राहायचं. त्याने तीही अडवली. हैदराबाद ३-१ ने जिंकलं आणि पहिल्यांदाच चॅम्पियन झालं.

त्या सहा वर्षांत त्याच्या मनात काय चाललं होतं हे त्याचं त्यालाच ठाऊक, मी उगाच काही रंगवून सांगणार नाही. पण बाहेरून दिसतं तेवढं पुरेसं आहे. तो खेळत राहिला. आणि मुख्य म्हणजे त्याला गोलमध्ये उभं करणारं कोणीतरी होतं. "हा फायनलला कच खातो" असा शिक्का मारून त्याला बाहेर बसवलं असतं, तर २०२२ ची ती संध्याकाळ उगवलीच नसती.

इंग्लंडचीही अशीच गोष्ट आहे. गॅरेथ साउथगेट १९९६ च्या युरो सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध पेनल्टी हुकला. पुढे तोच इंग्लंडचा कोच झाला. त्याने पेनल्टीला लॉटरी मानायचं सोडून तिचा सराव करून घेतला आणि २०१८ मध्ये कोलंबियाला हरवून इंग्लंड वर्ल्ड कपमधलं पहिलं शूटआउट जिंकलं. सराव म्हणजे गॅरंटी मात्र नाही. २०२१ साली युरोच्या फायनलला इंग्लंडच्या तिघांच्या किक वाया गेल्या, शेवटची १९ वर्षांच्या बुकायो साकाची. त्याला त्यावरून वाट्टेल ते ऐकून घ्यावं लागलं. पण पुढच्या युरोत, २०२४ मध्ये, स्वित्झर्लंडविरुद्धच्या शूटआउटला किक मारणाऱ्या पाच जणांत साका होता. आणि त्याने गोल केला.

मग करायचं काय?

"टेन्शन घेऊ नको" हा सल्ला कृपया कोणी कोणाला देऊ नये. टेन्शन सांगून जात नाही. वाचलेल्यातून आणि थोडं करून पाहिल्यातून जे उपयोगी वाटलं ते असं :

१) आधी ठरवा, मग बदलू नका. कुठल्या कोपऱ्यात मारायचं ते ठिपक्यापर्यंत चालत जातानाच पक्कं करा. गोली हलला म्हणून ऐनवेळी बदलू नका. नजर कोपऱ्यावर, मग बॉलवर.

२) ठरलेला क्रम ठेवा. बॉल ठेवणं, चार पावलं मागे, शिट्टी, एक पूर्ण श्वास बाहेर, मग धाव. दर वेळी तेच. डोक्याला काहीतरी ठरलेलं काम दिलं की ते पायात लुडबुड करत नाही. मला तर वाटतं, कबड्डीतला दम हे काम आपोआप करतो. तोंडाने सतत "कबड्डी कबड्डी" चालू असताना माणूस काळजी करणार कधी?

३) सराव दडपणातच करा. नेदरलँड्समध्ये पोलिसांवर एक प्रयोग झाला. काहींनी पुठ्ठ्याच्या निशाणांवर सराव केला, तर काहींनी उलट साबणाच्या गोळ्या झाडणाऱ्या माणसांसमोर. पुढे खऱ्या दडपणात दुसऱ्या गटाचा नेम टिकला, पहिल्याचा बिघडला. आपल्याकडे साबणाच्या गोळ्या नाहीत, पण वडापावची पैज तर आहे! वाळूत सलग पन्नास किक मारण्यापेक्षा दमल्यावर, सगळे बघत असताना, मध्यरेषेपासून चालत जाऊन एकच किक मारा. व्हायवाचा सरावही मित्राला एक्स्टर्नल करून, उभं राहून, मोठ्याने करा.

४) धडधडीला नाव बदलून द्या. छाती धडधडणं आणि हात गार पडणं हे भीतीत होतं तसंच उत्साहातही होतं. हार्वर्डच्या ॲलिसन ब्रूक्स यांनी २०१४ साली दाखवलं की "मी शांत आहे" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांनी भाषण, गाणं आणि गणित यांत बरी कामगिरी केली. खोटं शांत होण्यापेक्षा हे सोपं आहे.

५) परीक्षेआधी दहा मिनिटं काळजी कागदावर उतरवा. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ मधल्या प्रयोगात असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्क वाढले, विशेषतः ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती होती त्यांचे. कागद नंतर फाडून टाकला तरी चालेल. रॅम मोकळी झाल्याशी मतलब.

सहावा मुद्दा किक मारणाऱ्यासाठी नाही, मध्यरेषेवर उभ्या असणाऱ्यांसाठी आहे. पेनल्टी मारणारा एकटा चालत जातो हे खरं, पण आपण मागे काय करणार आहोत हे त्याला जाताना माहीत असतं. हुकलं तर हे लोक आपल्याकडे येतील, की खाली बघत उभे राहतील? त्या दिवशी आम्ही दहा जण जागचे हललो नव्हतो. ठिपक्यापासून मध्यरेषेपर्यंत जेमतेम चाळीस मीटर. तेवढं चालायला आम्हाला तीन आठवडे लागले.

शेवटी एका रात्री आम्ही दोघं-तिघं त्याच्या रूमवर गेलो. फार काही बोललो नाही, चहाला चल म्हणालो. हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिला. "९२ आणि ६२ चं खरं आहे का?" एवढंच त्याने विचारलं. आता तो ग्राउंडवर येतो. वाळूतल्या किक बंद केल्यात. सगळ्यांचं खेळून झाल्यावर, मध्यरेषेपासून चालत जाऊन, दिवसाला एकच किक मारतो. काही आत जातात, काही बाहेर. बाहेर गेलेला बॉल आणायला आमच्यातला एक जण कंपाउंडवरून उडी मारतो आणि दुसरा त्याच्याकडे चालत जातो. असं आमचं ठरलंय.

पुढच्या वर्षीच्या फायनलला शूटआउट झालंच, तर मेकॅनिकलच्या यादीत पाचवं नाव त्याचंच असेल. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.